पात्याला पाणी आहे का?



ऊसतोडीला निघायच्या आधी कोयते लोहाराकडे जातात. सुगीच्या तोंडावर विळे जातात, खुरपणीच्या आधी खुरपी जातात. ऊसतोडीत तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, एवढा त्या हत्याराचा मान. आणि घरातली विळी? ती शेवटची धारेला कधी गेली, असं गटाच्या बैठकीत विचारून बघा. बायका एकमेकींकडे बघून हसतात. कुणी म्हणते, माझ्या लग्नात आली तेव्हा होती की धार! कोयता चार-सहा महिने राबतो आणि मग वळचणीला खोचलेला असतो. विळीला आणि सुरीला मात्र एक दिवस सुट्टी नाही. दोन वेळची भाजी, कांदा, मिरची, कोथिंबीर, सणाला नारळ, पाहुणे आले की कोंबडी. ज्या शाळेच्या पोषण आहाराचं काम करतात त्यांना तर एका सकाळी कितीतरी किलो कांदे-बटाटे चिरायचे असतात.

म्हणून आज या पात्याबद्दल बोलू या. चांगलं पातं ओळखायचं कसं, आणि त्याला घरच्या घरी धार लावायची कशी.

"बोथट सुरीच बरी, हात तरी कापत नाही," असं पुष्कळ जणी म्हणतात. प्रत्यक्षात उलटं होतं. धार असलेलं पातं टोमॅटोच्या सालीत टेकवलं की आत शिरतं. बोथट पातं सालीवरून घसरतं, मग आपण जोर लावतो, आणि जोरात घसरलेलं पातं बोटावर येतं. जेवढा जोर जास्त तेवढी जखम खोल. शिवाय बोथट पात्याची जखम चेचल्यासारखी, फाटल्यासारखी असते. ती लवकर भरत नाही. धारदार पात्याची जखम सरळ असते, तिच्या कडा नीट जुळतात. कांद्याचंही तसंच. बोथट पातं कांदा कापत नाही, चेंगरतं. चेंगरला की त्यातला झोंबणारा रस जास्त उडतो आणि डोळ्यांतून धारा लागतात. मनगट आणि खांदा रोज दुखतो त्याला वय झालं म्हणतो आपण, पण विळीवर रोज किती दाब द्यावा लागतो तेही एकदा बघावं.

आता विळी घ्यावी की सुरी? विळी ही आपल्याकडची जुनी सोय. तळकोकणात तिला आडाळो म्हणतात, बंगालात बोटी, कर्नाटकात ईळिगे. पातं जागच्या जागी उभं, आणि भाजी दोन्ही हातांत धरून त्याच्यावर न्यायची. दोन्ही हात मोकळे असल्यामुळे पालेभाजीची जुडी, कोबीचा गड्डा, फणसासारखं अवघड फळ, मासळी हे सगळं विळीवर सोपं जातं. जोर लावायचा तर अंगाचा भार लावता येतो. उणी बाजू एवढीच की मांडी घालून किंवा एक गुडघा उभा करून बसावं लागतं. ज्यांचे गुडघे धरलेत त्यांना ते जमत नाही. ओट्यापाशी उभ्यानं काम करणारीला सुरी बरी. माझं मत विचाराल तर घरात एक चांगली विळी आणि एक चांगली सुरी असावी, बस्स. बाजारात पाच-सहा सुऱ्यांचा संच रंगीत खोक्यात मिळतो, त्यातल्या चार कधी हातात येत नाहीत आणि उरलेल्या दोन महिन्याभरात बोथट होतात. तेवढ्याच पैशात एक खरी सुरी येते.

खरी म्हणजे काय? इथे लोखंडाबद्दल थोडं समजून घ्यावं लागेल.

आपण सगळ्यालाच लोखंड म्हणतो, पण खिडकीचा गज आणि विळीचं पातं यांत फरक असतो. तो फरक कार्बनचा, म्हणजे कोळशात जो असतो त्याच पदार्थाचा. गजाच्या लोखंडात कार्बन अगदी थोडा, साधारण ०.२ टक्के किंवा त्याहून कमी. ते वाकतं, ठोकलं की पसरतं, पण त्याला धार टिकत नाही. पात्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत असतो. शंभर किलोत अर्धा-एक किलो! एवढ्याशा कार्बनानं सगळं बदलतं, कारण अशा पोलादाला 'पाणी' देता येतं.

पाणी देणं तुम्ही पाहिलं असेल. लोहार पातं भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो. उष्णता ८०० अंशांच्या आसपास गेली की ते एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवतो. चर्रर्र आवाज होतो. एकदम गार झाल्यामुळे पोलाद फार कडक होतं, इतकं की दगडावर पडलं तर काचेसारखं तुटेल. म्हणून काम तिथे संपत नाही. लोहार पातं घासून थोडं पांढरं करतो आणि पुन्हा हलका ताव देतो. घासलेल्या जागेवर रंग चढताना दिसतात. आधी गव्हाच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा म्हणजे दोनशे-सव्वादोनशे अंश, निळा म्हणजे तीनशेच्या जवळपास. धारेवर पिवळा रंग आला की तो थांबवतो. आता पातं कडकही आहे आणि तुटणारही नाही. निळ्यापर्यंत गेलं तर ते स्प्रिंगसारखं लवचिक होतं, पण धार धरत नाही. हा निळा रंग लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

जाता जाता एक गोष्ट. गावोगाव गाडा घेऊन फिरणाऱ्या घिसाडी लोकांचं काम पाहा. पुरुष सांडशीनं तापलेलं पातं ऐरणीवर धरतो आणि त्याच्यावर घण घालते ती बाई. भाता मारणारीही बहुतेक बाईच. तेव्हा लोखंडातलं बायकांना काय कळतं, असं कुणी म्हटलं तर त्याला घिसाड्याच्या पालाकडे घेऊन जा. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहारकाम धरलेलं आहे. तुमच्या गटात कुणी लोहारकाम करणारी असेल तर तिनं सेवा केंद्रात आणि ग्रामपंचायतीत चौकशी जरूर करावी.

लोहाराकडून विळी करून घेणार असाल तर त्याला विचारा, पातं कशाचं करणार? "ट्रकच्या कमानीचा पाटा" असं उत्तर आलं तर उत्तम. गाडीचा भार पेलणाऱ्या त्या पाट्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो आणि त्याला पाणी चांगलं चढतं. जुनी मोठी कानसही चालते, तिच्यात कार्बन त्याहून जास्त. पण बांधकामावर उरलेली पट्टी किंवा सळई घेऊन कुणी पातं करून देत असेल तर ते दिसायला कितीही छान असो, पैसे देऊ नका. त्याला पाणी चढतच नाही.

पाणी चढलंय की नाही ते तपासायला कानस लागते. लहान कानस पात्याच्या धारेजवळ, मुठीकडच्या टोकाला हलकेच फिरवायची. पातं नरम असेल तर कानस रुतते, कीस पडतो. कडक असेल तर कानस काचेवरून घसरल्यासारखी सरकते. धारेजवळच बघायचं, कारण चांगला लोहार फक्त धारेला पाणी देतो आणि पाठ नरम ठेवतो. चांगल्या लोहाराला या परीक्षेचा राग येत नाही.

आता चकचकीत सुरीबद्दल. स्टीलची सुरी म्हणजे लोखंडात क्रोमियम घातलेलं पोलाद. साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की ते सहसा गंजत नाही. पण स्टील स्टीलमध्ये फरक आहे, आणि फसगत होते ती इथेच. आपली ताटं-वाट्या ज्या स्टीलच्या असतात त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि कार्बन नावाला. ते अजिबात गंजत नाही, पण कितीही तापवून पाण्यात बुडवा, कडक होत नाही. त्या पत्र्याची सुरी केली तर आठ दिवसांत बोथट. सुरीचं स्टील वेगळं. त्यात क्रोमियम साधारण १३-१४ टक्के, निकेल जवळजवळ नाही, आणि पाणी चढेल एवढा कार्बन.

दुकानात हे कसं ओळखायचं? एक लोहचुंबक घेऊन जा. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला काढलेला चालतो. ताटाच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, चिकटला तर अगदी हलका. सुरीच्या स्टीलला खाडकन चिकटतो. चिकटला नाही तर ती सुरी परत ठेवा. मात्र चिकटला म्हणजे सुरी चांगलीच, असंही समजू नका, कारण खिडकीच्या गजालाही चुंबक चिकटतो. चुंबकानं फक्त वाईट सुरी बाजूला काढता येते. पुढचं काम डोळ्यांनी आणि हातानं करायचं.

मग कार्बनचं पातं घ्यावं की स्टीलचं? लोहाराच्या पोलादाला धार लवकर येते, बारीक येते आणि दगडावर चार हात मारले की परत येते. पण ते गंजतं, त्याची निगा रोज करावी लागते. स्टीलची सुरी ओली राहिली तरी फारसं बिघडत नाही, पण तिला धार लावायला जास्त वेळ लागतो. घरात विळी लोहाराची आणि सुरी स्टीलची असेल तर दोन्हींचे फायदे मिळतात.

सुरी हातात घेतली की आधी ती डोळ्यासमोर बाणासारखी धरा आणि पाठीवरून टोकाकडे बघा. पातं वाकडं असेल तर लगेच दिसतं. मग मूठ बघा. पात्याचं शेपूट मुठीत किती लांब गेलंय, हे सगळ्यात महत्त्वाचं. मुठीच्या दोन फळ्यांमधून ते शेवटपर्यंत गेलेलं दिसत असेल आणि दोन-तीन रिबिटांनी पक्कं असेल तर ती सुरी वर्षानुवर्षं टिकेल. प्लॅस्टिकच्या मुठीत जेमतेम बोटभर शेपूट खुपसलेलं असेल तर एखादा दिवस सुरण चिरताना मूठ हातात आणि पातं भलतीकडे. रिबिटांवरून अंगठा फिरवा, टोचता कामा नयेत. फळी आणि पातं यांच्यात फट नको, फटीत भाजीचा चोथा अडकतो आणि कुजतो. रोजच्या कामाला सहा-सात इंचांचं पातं पुरतं. लांब पात्यानं भाजी लवकर होते, पण हातात सवय नसेल तर उगाच धाक वाटतो. सुरी मुठीत धरून बघा, आपला हात लहान असेल तर मूठही बेताची हवी. आपल्याकडे खरेदी बऱ्याचदा घरातले पुरुष करून आणतात आणि मूठ त्यांच्या पंजाच्या मापाची येते. सुरी जी वापरणार तिनंच हातात धरून घ्यावी.

विळीच्या बाबतीत पाट जड हवा, पातं हललं नाही पाहिजे. मिटणारी विळी घेत असाल तर उघडल्यावर खिळीपाशी पातं डुगडुगतंय का ते दोन बोटांनी हलवून बघा. डुगडुगणारी विळी बोथट विळीपेक्षा वाईट. खवणीचे दातेही बघा. ते बाहेरून वाकवलेल्या पत्र्याचे असतील तर चार नारळांत सपाट होतात.

आता मुख्य काम, धार.

हार्डवेअरच्या दुकानात धार लावायचा दगड मिळतो. काही भागांत त्याला निसणा म्हणतात. दोन बाजूंचा घ्या, एक खरखरीत आणि एक बारीक. पातं फार बोथट असेल तरच खरखरीत बाजू, नाहीतर बारीक पुरे. दगड दहा मिनिटं पाण्यात ठेवा, बुडबुडे येणं थांबलं की काढा. खाली ओलं फडकं घालून त्याच्यावर ठेवा, म्हणजे सरकणार नाही. काही जणी दगडावर तेल घालतात. तेही चालतं, पण एकदा तेल पाजलेल्या दगडात मग पाणी नीट मुरत नाही. पाणी फुकट आहे, पाणीच वापरा.

सगळी गंमत कोनात आहे. सुरी दगडावर आडवी ठेवून तिची पाठ किती उचलायची? साधारण २० अंश. अंश मोजायला काही लागत नाही. वर्तमानपत्राच्या कागदाचा कोपरा म्हणजे काटकोन, ९० अंश. तो मधोमध एकदा दुमडला की ४५. पुन्हा एकदा दुमडला की साडेबावीस. ते टोक दगडावर सुरीशेजारी उभं धरा आणि सुरीची पाठ तेवढी किंवा किंचित कमी उचला. हाताला सवय होईपर्यंत कागद शेजारी ठेवा. हाडं तोडायच्या कोयत्याला याहून जाड धार हवी, पाठ जास्त उचलायची, नाहीतर धारेचे तुकडे उडतात.

कोन बरोबर आहे का हे कळायला आणखी एक युक्ती. मुलांच्या दप्तरातलं स्केचपेन घ्या आणि धारेच्या उतारावर दोन्ही बाजूंनी रंग लावा. दोन-चार हात मारून बघा. उताराचा सगळा रंग गेला तर कोन बरोबर. फक्त अगदी कडेचा गेला तर पाठ जास्त उचलली जातेय. वरचाच गेला आणि कडेला राहिला तर पाठ कमी उचलली, धारेला दगड लागतच नाही. असं किती तरी जणी तासभर घासतात आणि म्हणतात, दगडच खोटा.

आता सुरी मुठीकडून टोकाकडे अशी एका लांब हातात सरकवा, जसं काही दगडाचा पातळ पापुद्रा काढतोय. जोर नको, सुरीच्या वजनाहून थोडा जास्त दाब पुरे. एका बाजूनं दहा-बारा हात मारले की थांबा आणि दुसऱ्या बाजूला अंगठ्याचं नख पाठीकडून धारेकडे अलगद ओढा. धारेच्या लांबीवरून बोट कधीच फिरवायचं नाही. नखाला कडेपाशी काहीतरी केसासारखं अडकलं तर समजा काम झालं. तो धारेचाच बारीक काठ पलीकडे वळलेला असतो. तो मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे लागला पाहिजे. लागत नसेल तर त्याच बाजूनं आणखी घासा. हा काठ यायच्या आधी बाजू बदलली तर धार अर्धवट राहते, आणि घाईत हेच होतं. काठ आला की दुसरी बाजू, तेवढेच हात. मग बारीक दगडावर दोन्ही बाजूंनी. शेवटी एकदा इकडून एकदा तिकडून असे हलके हात मारत काठ काढून टाकायचा. राहिलाच तर जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पाठीच्या दिशेनं चार वेळा ओढा, न्हावी वस्तरा ओढायचा तसा. धार पुढे आणि पट्टा मागे असं धरलं तर पट्टाच कापला जाईल.

परीक्षा टोमॅटोवर करा. सुरी नुसती टेकवून ओढली आणि साल फाटली तर झालं.

विळीचं पातं बाकदार आणि पाटाला बसवलेलं, त्यामुळे तिथे पातं स्थिर आणि दगड हातात. दगडाचा लहान, अरुंद तुकडा घ्या. पाट दुसरीला पायाखाली घट्ट धरायला सांगा. दगड धारेकडून पाठीकडे ओढायचा, म्हणजे हात निसटला तरी धारेवर येत नाही. दगडाच्या हाताला जाड फडकं गुंडाळा. आणि आधी बघा, उतार दोन्ही बाजूंना आहे की एकाच. एकाच बाजूला असेल तर तीच बाजू घासायची, दुसरीवरून शेवटी फक्त काठ काढायचा.

दगड दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरतो. मधल्या काळात लोणच्याची चिनी मातीची बरणी उपयोगी पडते. बरणी पालथी घाला. बुडाला एक गोल कड असते, तिच्यावर चकाकी नसते, हात लावला तर खरखरीत लागते. तीच कड म्हणजे बारीक दगड. त्याच कोनात सुरी दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा ओढा, पुसा आणि कामाला लागा. चहाच्या चिनी मातीच्या कपाची कडही चालते. फक्त कड फुटलेली नको.

सायकलवर चाक घेऊन धारवाला येतो, त्याच्याकडून धार लावली तर? लावावी, पण समोर उभं राहून. कोरडं चाक जोरात फिरतं, ठिणग्या उडतात आणि पातळ धार क्षणात तापते. मघाशी निळा रंग लक्षात ठेवा म्हटलं होतं तो इथे दिसतो. धारेवर निळा डाग आला की लोहारानं दिलेलं पाणी तेवढ्या जागेपुरतं उतरलं. ती जागा पुन्हा पुन्हा बोथट होत राहणार. म्हणून धारवाल्याला सांगा, दादा, दर दोन-तीन हातांनी पातं पाण्यात बुडवा. बादलीभर पाणी आपणच समोर ठेवावं. तो नको म्हणाला तर सुरी परत घ्यावी.

रोजच्या वापरात धार कशानं मरते? सगळ्यात जास्त ओट्यानं. कडप्पा फरशीवर किंवा स्टीलच्या ताटात भाजी चिरली तर प्रत्येक घावाला धार दगडावर आपटते. खाली लाकूड हवं. तडा गेलेला जुना पोळपाट त्याला झकास. चिरलेली भाजी पातेल्यात लोटताना सुरीची धार नाही, पाठ वापरायची. सुरीनं डब्याचं झाकण उचकटू नये, नारळ फोडू नये, हे सांगायला नको, तरी सगळेच करतात.

लोहाराच्या पात्यावर कैरी, चिंच, लिंबू, कांदा चिरला की ते काळं पडतं. नवीन विळीवर सुरुवातीचे काही दिवस भाजीलाही काळपट रंग आणि लोखंडाची चव येते. मग पात्यावर निळसर-काळी झाक बसते आणि चव येणं कमी होतं. ही झाक घासून काढू नका, ती खालच्या पोलादाला थोडीफार सांभाळते. तांबडा रंग मात्र गंजाचा. तो बारीक चाळलेल्या राखेनं आणि लिंबाच्या फोडीनं लगेच काढायचा. काम झालं की पातं धुवा, कोरडं पुसा आणि तेलाचं बोट फिरवा. खोबरेल उत्तम. जवसाचं तेल नको, ते वाळून चिकट कातडी धरतं, करडईचंही हळूहळू तसंच होतं. फणस चिरायच्या आधी तर पात्याला आणि हाताला खोबरेल लावायचंच, नाहीतर चीक निघता निघत नाही. लाकडी मूठ पाण्यात भिजत ठेवू नका, ती फुगते, मग वाळून चिरते आणि रिबिटं ढिली होतात. साबणाच्या पाण्याच्या टोपात सुरी टाकून ठेवणं त्याहून वाईट, फेसात हात घालणाऱ्या लेकीला ती दिसत नाही.

काही घरांत अख्खा भोपळा किंवा कोहळा बाईनं आधी कापायचा नाही, पुरुषानं पहिला घाव घालायचा, असं पाळतात. ज्यांनी त्यांनी ठरवावं. पण भोपळा कापताना अपघात होतात हे खरं, कारण तो गोल, तो गडगडतो. आधी एका बाजूनं पातळ काप काढा, ती सपाट बाजू खाली ठेवा, मग मधोमध कापा. धार असली तर पुरुषाची वाट बघावी लागत नाही.

एवढं करूनही बोट कापलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, स्वच्छ फडक्यानं दाबून हात वर धरा आणि दहा मिनिटं मध्ये न उघडता दाबून ठेवा. राख, तंबाखू, शेण काही भरू नका. गंजलेल्या विळीनं धनुर्वात होतो असं आपण म्हणतो, पण तो गंजानं होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि विळी जमिनीवर, हात गोठ्यात असलं की ते जखमेत जातात. टीडीचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते आठवत नसेल तर आरोग्य केंद्रात जाऊन तसं सांगा. बोटाचं टोक बधिर झालं किंवा बोट वाकत नसेल तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

दगड प्रत्येकीनं विकत घ्यायची गरज नाही. गटाच्या पैशांतून एक दोन बाजूंचा दगड आणि एक लहान कानस घ्या, ती जिच्याकडे हिशेबाची वही असते तिच्याकडे ठेवा. महिन्याच्या बैठकीला हप्ता गोळा होईपर्यंत चार-पाच विळ्यांना सहज धार लावून होते, आणि जिचा हात बसला ती दुसरीला शिकवते. विळी बैठकीला आणताना मिटवून, जाड कापडात गुंडाळून आणा. मिटत नसेल तर पाण्याच्या जुन्या पाइपचा वीतभर तुकडा उभा चिरा आणि तो धारेवर चढवा.